मोजणी

पौर्णिमा रिकामी पाकिटं पुढ्यात ठेवते. तीन.
मी रजिस्टरात तीस लिहिते.
तिच्या डोळ्याखालची पापणी ओढून बघते
तर आत वेचलेल्या कापसागत पांढरं.

"घेतल्या ना वं?"
"घेतल्या ना ताई, देवाशपथ."
आतून सासू : "गोळीनं पोर काळं होते म्हंतेत,
अन् डोस्कं मोठं. मंग अडलं म्हंजे
तुम्ही नेता का रातच्याले पांढरकवड्याले?"

मी नेहमीचं बोलते. जेवून घे. चहासंगं नको.
लिंबू पीळ. शी काळी झाली तर घाबरू नको.
बोलता बोलता माझं मलाच ऐकू येईनासं होतं.

उठताना चुलीमागची भिंत दिसली.
पांढऱ्या मातीनं पोतारलेली,
पण एका जागी बोटभर खोल, नखानं कोरलेली,
आणि खळग्याच्या कडेनं लाल ठिपके.
एकात अजून अर्धी गोळी
साखर विरघळून रुतलेली.

तिनं पदर तोंडाशी नेला.
"गोळी उलटते ताई. अन् राती माती लागते,
हातच थांबत नाही."

म्हणजे दिवसा ही भिंतीला लोखंड चारते
आणि रात्री भिंत खाते.

तीसवर काट मारली. पुढं काय लिहू?
भिंतीसाठी रकाना नाही.

पिशवी खाली ठेवली, पाटावर बसले.
माझ्या थोरल्याच्या वेळी मी गोळ्या
उकिरड्यावर कोंबड्यांना टाकत होते,
हे ट्रेनिंगमध्येसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.
तिला सांगितलं.
ती हसली. मग म्हणाली,
"कोंबड्या जगल्या का?"