चौथी जोडी

सात पुस्तकं, पंच्याण्णव मिनिटं.
हिशेब सोपा आहे, निर्माते म्हणाले
लीड्सच्या कचेरीत, बिस्किटांची ताटली माझ्याकडे सरकवत.
दीपगृहातली चार भावंडं जरा जास्त होतात.
पोस्टरवर तीन बसतात.

मी पेन्सिलीला टोक काढलं.
सर्वांत धाकटा, टोबिट.
सातही पुस्तकांत तो काहीच करत नाही.
खडे गोळा करतो, खिसे फाडून घेतो,
आणि वादळ ऐन भरात असताना विचारतो,
किती वाजले?

त्याला काढायला दीड दिवस लागला.
त्याची वाक्यं थोरलीला दिली, तर
घासात खडा यावा तशी ती अडखळायला लागली.
मग वाक्यंही काढली.

फाइलीला लेखिकाबाईंकडे गेले, सांगायला.
मिस डिलिस थॉर्नबी, वय एक्क्याण्णव, कानांनी कमी.
मी ओरडून सांगितलं, दोनदा.
शेजारचं कुत्रं भुंकू लागलं.
किटलीवरची लोकरी टोपी त्यांनी नीट केली.
म्हणाल्या, करत नाही, खरंय.
तो असतो.

परतीच्या बसमध्ये
साताऱ्याच्या शाळेतल्या लिमयेबाई आठवल्या,
फळ्यावर खडू आपटत:
'असणे' अकर्मक, मुलींनो.
त्याला कर्म लागत नाही.

चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी
कलाविभागातल्या गॅरेथला म्हटलं,
दाराशी रबरी बुटांच्या तीन जोड्या आहेत ना,
तिथे एक चौथी ठेव. लहान.
त्याने का ते विचारलं नाही.
उजव्या बुटात दोन खडे मात्र
त्याने आपणहून टाकले.

स्कारबरो, शनिवार सकाळ.
ओले कोट, पॉपकॉर्न, मागे कुणाचं तरी तान्हं.
दार उघडतं. बूट दिसतात. चार सेकंद, फार तर पाच.
पुढच्या रांगेतली एक मुलगी, समोरचे दात पडलेली,
खुर्चीवर उभी राहिली
आणि आईला म्हणाली,
टोबिट वर झोपलाय.
आईने तिला खाली बसवलं.

पुढे वादळ आलं. बोट फुटली, दिवा विझला,
पैसे ओतले होते तिथे सगळं थिएटर किंचाळलं.
ती किंचाळली नाही.
जिन्याकडे बघत राहिली,
पडद्यावर जिना नसतानाही.