खिडकीखालची दोन भोकं

जुनी चौकट निघाली तेव्हा भिंतीत
हात जाईल एवढी फट होती.
फटीत सिमेंटच्या गोणीचा चोळामोळा,
विटांचे तुकडे, विडीची दोन थोटकं,
आणि एका खिळ्याला गुंडाळलेली सुतळी,
ती कशासाठी ते कुणालाच कळलं नाही.
सत्त्याऐंशी साली सिडकोनं नेरूळचं हे घर दिलं
तेव्हापासून खाडीकडचा पाऊस
एवढ्याच ऐवजानं अडवला होता.
बरा अडवला होता, असंही नाही.

हिराजी तांडेल, करावे गावचा.
थापीच्या मुठीनं तो ठोकत गेला
बाहेरच्या खरबरीत गिलाव्यावर,
टक, टक, टक,
आणि छज्जाखाली एका जागी: बद.
"हितं भित सोरलीय त्यानी," म्हणाला.
मी म्हटलं, पण ओल तर आत आहे,
पार कपाटामागे.
"पानी दिसतं तितशी येत नाय, काकी."

मग दोन दिवस नुसतं फोडणं, खरवडणं,
ब्रशनं धूळ झाडणं.
पांढरी चौकट बसली, भोवतीच्या फटीत
फेस पावासारखा फुगला, सुरीनं कापला.
बाहेरून फोमची दोरी दाबली,
तिच्यावर सिलिकॉनची रेघ,
आणि अंगठा साबणाच्या पाण्यात बुडवून
वरपासून खालपर्यंत एका दमात ओढला.
मी श्वास धरून बघत होते.
कट्ट्याला बाहेर उतार, कडेखाली खाच,
म्हणजे थेंब तिथंच सुटतो,
भिंतीला चिकटून मागे येत नाही.

तो गेल्यावर मला ती दिसली.
चौकटीच्या तळाशी, बाहेरच्या अंगाला,
दोन भोकं. पेन्सिलीचं टोक जाईल एवढी.
पैसे तर पूर्ण दिलेले.
यशवंत म्हणाले, असतील कशाला तरी.
पण एकतीस वर्षं मी बँकेत रोकड मोजली,
दिवसाअखेर चार आण्यांचा फरक
मला घरी जाऊ द्यायचा नाही.
एमसील मळलं, बुजवली,
वरून नख फिरवून गुळगुळीत केली.
त्या रात्री छान झोप लागली.

जुलैच्या शेवटी तीन दिवस आडवा पाऊस.
सरकत्या काचेखालची पन्हळ भरली,
परातीसारखी काठोकाठ,
आणि मग आतल्या बाजूनं, अगदी सावकाश,
दिवाणावर उतरली.

हिराजी रेनकोटसकट आत आला.
वाकला, बोट फिरवलं,
खिशातून खिळा काढून दोनदा ठोकला.
पाणी बारीक धारेनं बाहेर निघालं,
कट्ट्यावरून घसरत खाचेपाशी सुटलं.
आम्ही तिघं बघत राहिलो.
भरायला तीन दिवस, जायला दोन मिनिटं.

"ही कोनी बुजवली?"

यशवंत काचेतून बाहेर बघत म्हणाले, "मी."

हिराजीनं मग त्यांनाच सुनावलं,
शिकल्यासवरल्या माणसानं असं करावं का,
आत आलेल्या पाण्याला वाट नको का,
आणि ते मान हलवत ऐकत राहिले,
हो, चुकलंच, हो.
मी चहा टाकायला आत गेले.
साखर घातली का आठवेना,
परत घातली.

चहा गोडमिट्ट झाला होता.
दोघांनी न बोलता प्यायला.

कपाटामागची ओल अजून आहे.
हिराजी म्हणतो, तिला हात लावू नका,
दसऱ्यापर्यंत वाळेल आपली आपण.
भोकांवर मधूनमधून मी बोट धरून बघते,
वारा लागतो.