रविवारचा काटा

धनकवडीच्या चढावर तांबोळींचं रद्दीचं दुकान,
बाहेर पाटी: ‘फक्त रद्दी घेतली जाईल.
माणसांचे वजन करून मिळणार नाही.’
ती पाटी आमच्यामुळेच लागली,
आणि ती वाचत वाचतच आम्ही चौघी
दर रविवारी सकाळी आठला
चपला काढून त्या लोखंडी काट्यावर चढतो.

घरच्या काट्याशी माझं कधी पटलं नाही.
तो एकटीला गाठायचा,
दार लावून, ओल्या पायांवर.
इथे आकडा मोठ्यांदा वाचला जातो
आणि मी उतरते न उतरते तोच
कुणाच्या तरी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा
त्या जागी येऊन आदळतो.

पहिल्या दिवशी भरले चौऱ्याऐंशी.
तांबोळी म्हणाले, ‘ताई, रद्दी असती
तर हजार रुपये सुटले असते.’
कुदळेबाई त्यांच्यावर अशा खेकसल्या
जशा तीस वर्षं बसच्या दारात
लोंबकळणाऱ्यांवर खेकसल्या होत्या.
(स्वारगेट–कात्रज. पुढे सरका, पुढे मोकळं आहे.)

आठवड्यानं उतरले दोनशे ग्रॅम.
फक्त दोनशे. मी रडकुंडीला.
तांबोळींनी रविवारचा पेपर, पुरवणीसकट,
छोट्या काट्यावर ठेवला. बरोबर तेवढाच.
‘एवढं ओझं रोज जिन्यानं वर नेत होता,’ म्हणाले,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तेव्हापासून ग्रॅम हा शब्द आम्ही टाकला.
‘माझा एक पेपर गेला.’
‘माझी नुसती पुरवणी.’
गणपतीत रेहानानं अख्ख्या आठवड्याचे पेपर परत आणले,
पण मोदक आमच्याच घरांतले होते,
म्हणून दोष चौघींत वाटून घेतला.

नवल असं काही केलं नाही.
चौथी पोळी गेली. तिसरी जायला दिवाळी उलटली.
चहा सुटला नाही, कप लहान झाले.
रात्री मशीन बंद केल्यावर
उभ्यानं फरसाण खायची सवय होती;
आता तो डबा रेहानाकडे असतो
आणि तिच्या खारीचा माझ्याकडे.
दुसऱ्याचा डबा कोण उघडतं?
संध्याकाळी तळजाई. सुरुवातीला फाटकातच दम लागायचा,
मोर ओरडला की वाटायचं, मलाच हसतोय.

माघात निर्मल ओव्हाळ यायची थांबली.
रात्रपाळी आहे, मुलगी फोनवर म्हणायची,
मागून निर्मलचाच खोकला ऐकू यायचा.
तिसऱ्या रविवारी आम्ही तिचे चार मजले चढलो.
लिफ्ट होती. चालू होती.
दार उघडून ती म्हणाली,
‘साडेचार किलो परत आलंय,’
जसा लांबचा दीर बोचकं घेऊन येऊन बसावा.
कुदळेबाई म्हणाल्या,
‘येऊ दे की. त्याला घर माहितीये
तसं आपल्यालाही माहितीये.’
तिनं चहा ठेवला, साखर घातली,
आमच्याकडे न बघता.
आम्ही प्यायलो.
किती दिवसांनी गोड, देवा.

चौदा महिने झाले. मी शहात्तर.
वीस वर्षं टेप गळ्यात,
साऱ्या धनकवडीची मापं वहीत,
त्यात माझं पान नव्हतं. परवा लिहिलं.

काल कुदळेबाई पिशवीभर ब्लाउज घेऊन आल्या.
‘आत घे गं, नुसते लोंबतात.’
मी जुनी शिवण उसवली, नवी टीप मारली,
टिपेपल्याड दोन बोटं कापड उरलं.
कात्री उचलली तशा त्या ओरडल्या,
‘माया कापू नकोस हं!
उद्या लागली तर?’

कात्री खाली ठेवली.
माया आत दुमडून इस्त्री फिरवली.
पैशांचं विचारलं तर त्या म्हणाल्या,
रविवारी देते. आठला.