तीन बाजूंचा डिंक

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, चौतीस वर्षं.
अंतर्देशीय पत्रं छापायचे. निळी.
सुटी झाली की गेटवर झडती:
खिसे, डब्याचं झाकण, उरलेली अर्धी पोळी उलटून,
चपलांचे तळवेसुद्धा.
घरी येऊन म्हणायचे,
आम्ही कोरे कागद छापतो,
आणि भीती सगळ्यांना कोऱ्याचीच.

पोस्टकार्ड स्वस्त, पण ते आमच्या घरात चालत नसे.
सिन्नरला मथुरामावशीचा पोस्टमन
कार्ड हातात देण्याआधीच मजकूर सांगायचा:
जावयाचं पोट बिघडलंय, बाकी क्षेम.
मावशीला त्यात वावगं वाटलं नाही कधी.
चष्मा हरवला की सोयच व्हायची.

आता मावशी ग्रुपवर असते.
'गांगुर्डे परिवार', सदुसष्ट माणसं.
मी रात्री अडीचला जागी होते
हे तिला साडेपाचला, चहाआधी, कळलेलं असतं.
काय गं, झोप नव्हती? जावईबापूंशी काही?
काही नव्हतं.
म्हणजे होतं,
पण ते मी अजून स्वतःलाही कळवलं नव्हतं.

म्हणून दुसरं ॲप घेतलं.
सातपूरच्या आमच्या कारखान्यात संगणक बघणारा तन्वीर म्हणाला,
मॅडम, हे कुणाचं कुणाला सांगत नाही.
मी म्हटलं, माझ्या नवऱ्यासारखं.
तो हसला नाही.

सगळ्यांना निरोप दिला, मी यापुढे तिकडे.
दिला कुठे? जुन्यावरच.
एक अंगठा आला, दोन नमस्कार.
भाऊ म्हणाला, तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?
मी विचारलं, मग न्हाणीघराला कडी कशाला लावतोस?
त्याने हसरा चेहरा पाठवला
आणि होता तिथेच राहिला.

खरं सांगायचं तर मीही राहिले.
दूधवाला तिथे, पाण्याचा टँकर तिथे,
शाळेच्या बसचा काका,
पिंपळगावहून द्राक्षांचा भाव कळवणारा दीर.
नवं ॲप म्हणजे मखमलाबादच्या पुढचा फ्लॅट:
वारा छान, शेजार नाही, खाली किराणा नाही.
रोज संध्याकाळी जायचे,
दिवा लावून परत यायचे.

अकराव्या दिवशी पाटी उमटली:
यादव गांगुर्डे आले आहेत.

बाबांनी एका बोटाने लिहिलं होतं,
किती वेळ लावून कोण जाणे:
चि. कुमुदिनीस अनेक आशीर्वाद.
येथे झडती नाही असे ऐकतो.
तू रात्री जागतेस असे मथुरा म्हणाली. मीही जागतो.
त्याखाली आणखी सात-आठ ओळी. आईबद्दल.
मी वाचलं. परत वाचलं.
'बाबा' एवढंच लिहिलं,
म्हटलं सवडीने नीट लिहू.

सवड मिळाली नवव्या दिवशी.
पत्र नव्हतं.
पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत मी बटण दाबलं होतं,
सात दिवसांनी सगळं आपोआप पुसावं.
तन्वीर म्हणाला, मॅडम, तेच तर त्याचं काम.

जेलरोडला गेले.
विचारलं, त्या दिवशी आईबद्दल काय लिहिलं होतं?
वाचलंस ना? मग पोचलं,
असं म्हणून बाबा शेंगा सोलत राहिले.
निघताना कपाटातून एक अंतर्देशीय काढून दिलं,
जुन्या दराचं, पोस्ट आता तसं घेणारही नाही.
मी काही बोलायच्या आत म्हणाले,
विकत घेतलेलं आहे. पावती आहे.

द्वारकेच्या सिग्नलला ते पर्समधून दोनदा चाचपलं.

रात्री अडीचला लिहायला बसले.
आईचं जेवढं आठवलं तेवढं त्यांचं,
मग खाली माझं.
घडी घातली, तिन्ही बाजूंना जीभ फिरवली.
डिंक वाळून गेलेला.
चव तेवढी आली, चिकटलं नाही.
अंगठ्याने दाबून धरलं होतं
तेव्हा उशाशी फोन उजळला.
मावशी.
अजून जागीच?