सहा आणि सहा

"रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं का?"
वर्नाने फोनवर आधी एवढंच विचारलं.
एप्रिल सरत आलेला. लुनेनबर्गच्या धक्क्यावर
मी एका लॉब्स्टर-बोटीच्या पोटात, कोपरापर्यंत ग्रीस.
म्हटलं, परवाच्या पावसात बरंचसं गेलंय.
"मग ये. एल्डनची गाडी बाहेर काढायचीय."
गाडी अजून एल्डनचीच.
एल्डन नोव्हेंबरपासून टेकडीवर, चर्चच्या मागे.

एमजीबी, सदुसष्टची, बाटलीसारखी हिरवी.
बॅटरी शोधायला बॉनेट उघडाल तर फसाल.
सीटमागे, गालिच्याखाली, गंजक्या स्क्रूंच्या झाकणाखाली
त्या दोघी असतात, सहा-सहा व्होल्टच्या.
मधून चाकांकडे जाणारा दांडा फिरतो,
म्हणून एक डाव्या अंगाला, एक उजव्या,
एका तारेने जोडलेल्या.
आणि गाडीच्या अंगाला वजा नाही, अधिक जोडलेलं.
"त्याचं सगळंच उलटं," वर्ना म्हणाली.
कौतुक की गाऱ्हाणं, मी विचारलं नाही.

दर हिवाळ्यात तो त्यांना तळघरात न्यायचा,
लाकडी फळीवर ठेवायचा,
महिन्यातून एक रात्र चार्जर, दोन अँपियर, वर नाही.
"उपाशी माणसाला एकदम वाढू नये."
या हिवाळ्यात त्यांना कोण नेणार होतं?

टोकांवर हिरवट-पांढरा फुलोरा चढलेला.
वर्नाने स्वयंपाकघरातून खायचा सोडा आणला,
बिस्किटांत घालते त्याच डब्यातला.
फसफसला. मग टूथब्रशने घासलं,
कोणाच्या ते तिने सांगितलं नाही, पण निळा होता.

उजवीचं पाणी आटलेलं, प्लेटा उघड्या, तरी धुगधुगी होती.
डावी जानेवारीत गोठली असणार:
पोट फुगलेलं, कोपऱ्यात केसाएवढी चीर.

"एकटी उजवी नाही चालवणार?"
सहा व्होल्टवर स्टार्टर नुसता कण्हेल, म्हटलं.
"आणि तिला नवी जोड दिली तर?"
जुनी नवीलाही ओढते. दोघी लवकर जातात.
वर्ना खो-खो हसली:
"म्हणजे ऑर्पा झ्विकरचं दुसरं लग्न!"
हसता हसता थांबली, आणि सोड्याचा डबा
उगाच दोनदा बंद केला.

मी चाचरत सांगितलं, हल्ली लोक
एकच बारा व्होल्टची बसवतात, एका खणात मावते.
जाणकार नाकं मुरडतील.
एल्डनने तर मला अंगणातून हाकललं असतं.
"एल्डनला काय," ती म्हणाली, "बसव."

बसवली. अधिक गाडीच्या अंगाला, दोनदा तपासलं.
रिकाम्या खणात तिने छत्री कोंबली,
बसली नाही, काढली,
मग टॉर्च आणि सफरचंदांची पिशवी ठेवली.
उजवीला मी ऊनपाणी शुद्ध पाजून
दोन रात्री त्याच फळीवर, दोन अँपियर.
आता ती खुराड्यात आहे. सहा व्होल्टचा दिवा,
सहा कोंबड्या. हिशोब वर्नाने जुळवला, मी नाही.

अडतीस वर्षं ती उजवीकडच्या सीटवर बसली होती.
आज डावीकडे शिरली, सीट पुढे ओढली,
चावी फिरवली.
पाठीमागून पेट्रोलचा पंप: टिकटिकटिकटिक,
मग टिक, टिक,
मग
काहीच नाही.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मला त्या खोलीत कोणी न सांगता कळलं
शेवटी तिथे कुठलं यंत्र होतं.

"थांबला म्हणजे भरला," मी घाईघाईने म्हटलं,
"असाच थांबतो. आता चोक ओढ."

पहिल्याच चढावर तिने गाडी बंद पाडली.
मागे मासळीचा ट्रक, हॉर्नवर हॉर्न.
तिने हात बाहेर काढून त्याला काहीतरी दाखवलं,
आणि पुन्हा चावी.