सातवी खुर्ची

विधेयक मंजूर झालं मंगळवारी,
राजधानीत, इथून एकशे नव्वद मैलांवर.
शुक्रवारी ओडेल ट्विग्ज आला कोर्टात
पान्हा, छिन्नी आणि गंजावरचं तेल घेऊन.

ज्यूरीच्या बारा खुर्च्या, ओकच्या,
सहा-सहाच्या दोन ओळी,
बोल्टांनी जमिनीला जखडलेल्या.
मागची ओळ काढायची होती.

दारात उभी राहून लर्लीन, तिथली कारकून,
खर्चाचा तक्ता मोठ्यानं वाचत होती:
इतका भत्ता वाचेल, इतकं पेट्रोल,
जेवणाच्या सुट्टीतली इतकी सँडविचं,
आणि निकालही लवकर लागतील, असं म्हणतात.
पाचांमुखी परमेश्वर असेल
तर सहा म्हणजे चैनच की.

ओडेल काही बोलला नाही.
पाच खुर्च्या निघाल्या तासाभरात.
सातवीचा एक बोल्ट मात्र हलेना.
तेल सोडून तो बसून राहिला
खालच्या पायरीवर.

ह्या खुर्चीत एकदा व्हर्ना टिलरी बसली होती.
बर्फाच्या कारखान्यातला गल्ला फुटला त्या वर्षी.
तीन दिवस ती पेपरमिंट चघळत राहिली, गप्प,
आतल्या खोलीत अकरा हात वर झाले तरी
पर्स मांडीवर धरून तशीच.
साक्षीदारानं सांगितलं होतं,
सहाचा भोंगा झाला आणि पोरगा पळताना दिसला,
रविवार होता, चर्चहून परतत होतो.

मग ती म्हणाली,
रविवारी भोंगा वाजत नाही.
कारखान्यामागं राहायची ती, अकरा वर्षं.
रविवारी कपडे वाळत घालताना
कानाला ती शांतता लागायची, म्हणाली,
दात पडल्यावर जीभ लागते तशी.

कोणीतरी खिडकी उघडली.
कोणीतरी म्हणालं, गाड्या निघायच्या वेळा झाल्या.
आणि मग एकेक हात
खाली आला, अवघडलेला.

हे तिनंच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, लाँड्रीत,
घड्या घालता घालता, कोणीही न विचारता.

सातवा माणूस शहाणाच निघतो असं नाही.
ह्याच खुर्चीत एक गृहस्थ
दोन अख्खे खटले घोरले आहेत,
आणि एका बाईनं आरोपीला दोषी ठरवलं
त्याचे बूट आवडले नाहीत म्हणून.
लर्लीनला हे सगळं पाठ आहे.
ती तक्ता घडी करून म्हणाली,
कॉफी आणू का?

त्या पोराचं वय तेव्हा एकोणीस होतं.
सुतारकाम तो नंतर शिकला.

साडेचारला बोल्ट निघाला,
कुरकुरत, अर्धा झिजलेला.
सहाही खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या.
लिलावाच्या यादीत सहा लिहिल्या होत्या,
गोदामात पाचच उतरल्या,
आणि पावतीवर कोणी आकडा मोजला नाही.

जमिनीतली चोवीस भोकं बुजवायची
असं कामाच्या कागदावर नव्हतं.
त्यानं ती बुजवली नाहीत.

सोमवारी नवे सहा आले.
शाळेच्या बसची एक ड्रायव्हर बाई
रिकाम्या ओळीतून बाकाकडे जाताना अडखळली,
टाच एका भोकात गेली होती.
न्यायाधीश थांबले, विचारलं, ठीक आहात ना?
ती खाली वाकून बघत राहिली
जरा जास्तच वेळ.

इथं काय होतं? तिनं विचारलं.