खोट

वर्षातून एकदा मी त्रेचाळीस माणसांसाठी लिहिते.
थोरी महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये जेवणावळ असते,
आंबवलेला शार्क, वाळवलेले मासे पुढ्यात घेऊन
सगळे वाट बघतात, आपलं नाव कधी येतंय.
कोणाचा ट्रॅक्टर फ्योर्डात गेला,
कोणाची मेंढरं चर्चमध्ये शिरली,
टपालवाल्या आर्नफ्रीदुरने कोणाचं पाकीट तीन आठवडे गाडीतच फिरवलं.
एखाद्याची चेष्टा राहिली, तर तो रुसतो.

पण अनुप्रास जुळवत आले ते एकट्या हाल्ब्योर्नसाठी.
खिडकीजवळ बसायचा. अक्षर चुकलं
की काट्याने बशी वाजवायचा, टण्,
आणि भर ओळीत मला अडवून
बरोबर शब्द सांगायचा, तोंडातला घास न गिळता.
बावीस वर्षं मी त्या टण्‌ला भिऊन लिहिलं.

नोव्हेंबरात त्याला टेकडीवर पुरलं.

यंदा तिसऱ्या कडव्यात मी मुद्दाम एक खोट ठेवली,
ढळढळीत, मेंढीलाही कळेल अशी.
वाचताना तिथे जरा थबकले.

लोक हसले.
ट्रॅक्टरवाला तर डोळे पुसत होता.
इतक्या टाळ्या मला कधी पडल्या नव्हत्या.

परतताना पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली.
वायपर बर्फ लोटत होते.
अंगठीने थर्मासच्या झाकणावर वाजवून पाहिलं.
टक्. टण् नाही.
मग तो शब्द म्हटला, मोठ्याने,
तोंडात घास असल्यासारखा.